पातीवर पडलेली ओळ

यंदा भात पिवळं पडायला लागलं आणि मी शेताकडे बघणं सोडून दिलं.

पिकलेलं शेत बघून माणसाला बरं वाटतं म्हणतात. वाटत असेल. मला पिरंगुटच्या चौकातून स्कूटर पुढे काढली की धस्स व्हायला लागतं. कासार आंबोलीच्या फाट्याला आत वळलं की आधी शनिवार-रविवारवाल्यांचे बंगले, मग आमच्या ड्रमवाल्या बापूची भाताची खाचरं आणि खाचरांच्या टोकाला त्याची पत्र्याची शेड. गेल्या वर्षी याच दिवसांत त्या शेडमधून आमचा अल्बम बाहेर पडला, आणि याच दिवसांत आमचा बँड बंद पडला. तसं कुणी तोंडाने म्हणालेलं नाही. पण वर्षभर त्या शेडचं कुलूप बापूशिवाय कुणी काढलं नाही, आणि बापूही काढायचा ते खताच्या गोणी ठेवायला.

आंबेमोहर पिकत आला की वारा कुठूनही येवो, वास येतोच. रस्त्याने जाताना मी मान दुसरीकडे वळवायचे. डोळ्यांचं ठीक आहे हो, नाकाचं काय करणार? वास आला की सगळं एकदम समोर यायचं. झोडणीची धूळ, दिगूच्या हातातला फोन, वर आलेलं आभाळ आणि कुणीच बोलायचं नाही अशी ती भयंकर वेळ.

बँडचं नाव इरलं. लावणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवर बांबूचं आणि पानांचं छप्पर असायचं, ते इरलं. आता त्याच्या जागी प्लास्टिकचे कागद आले. नाव बापूने ठेवलेलं. "पाऊस कसाबी पडू दे, आतलं माणूस काम करतंय," असं तो म्हणाला होता, आणि त्या वयात आम्हाला ते भयंकर भारी वाटलं होतं. दिगू गाणार आणि गिटार वाजवणार, बापू ड्रमवर, आणि मी, मालती, बेसवर. बेस म्हणजे ती जाड तारांची गिटार, जी वाजत असताना कुणाच्या लक्षात येत नाही आणि थांबली की गाणं पोकळ वाटतं. माझं लग्नही साधारण तसंच होतं, पण तो विषय वेगळा.

दिगू परभणीकडचा. शिकायला पुण्यात आला आणि माझ्या मागच्या बाकावर बसून वर्षभर बाक बडवत राहिला. एकदा मी वळून म्हटलं, "अरे, बडवायचंच आहे तर निदान तालात बडव." तेव्हापासूनची ओळख. पुण्यातल्या शेजाऱ्यांनी आम्हाला घराघरांतून हाकलल्यावर तालमीसाठी ही शेड मिळाली. शेडच्या मालकाचा मुलगा बापू रोज दारात उभा राहून बघायचा. हलगी वाजवणारा हात त्याचा. आमचा पहिला ड्रमवाला पळाला तेव्हा बापू म्हणाला, "बसू का जरा?" बसला तो बसलाच.

गाणं सुरू करताना ड्रमवाले एक, दोन, तीन, चार म्हणतात. बापूने आजवर कधी 'एक' म्हटलं नाही. खळ्यावर धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, मग दोन, तीन. त्याच्या तोंडात तेच बसलेलं. "लाभ, दोन, तीन, चार", आणि धाड! पहिल्या वेळी मी आणि दिगू इतके हसलो की गाणं सुरूच झालं नाही. नंतर आमची अशी सवय झाली की दुसऱ्या कुणी 'एक' म्हटलं तर माझी बोटंच उठायची नाहीत.

पहिल्या अल्बमचे दिवस काय सांगावेत! कॉलेजांच्या मैदानांवर पोरं गळा फाडून आमची गाणी म्हणायची. पुण्यातल्या एका मोठ्या समीक्षकांनी पेपरात लिहिलं, "हा आवाज फाटत नाही, पेटतो." दिगूला ते वाक्य पाठ. आम्हालाही पाठ, कारण चहाच्या प्रत्येक कपाबरोबर तो ते ऐकवायचा. बापू म्हणायचा, "दिगूभाऊ, पेटतुया तर जरा लांब बसा, पेंढा हाय हितं." मग नोकऱ्या लागल्या. दिगू हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसला, बापू शेती सांभाळून कारखान्यात लागला, मी पिरंगुटला हिशेबाच्या टेबलाशी. भांडण नाही, तंटा नाही. कार्यक्रम कमी होत गेले आणि एके वर्षी झालेच नाहीत.

मग दिगूच्या घशात गाठ निघाली. साधीच होती, पण ती काढताना वरचे सूर गेले. बोलायला लागला तेव्हा मला फोनवर ओळखूच आला नाही, मी म्हटलं, "कोण हवंय आपल्याला?" मग तो हसला आणि ते हसणं तेवढं जुनं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी तो स्वतः शेडवर आला. आम्हा दोघांना बोलावून घेतलं. म्हणाला, "आहे तेवढ्यात गाऊ. एकदाच. लोकांनी म्हटलं संपला, तर मी संपलो. मग पुन्हा माईक हातात धरणार नाही." मला तेव्हाच राग आला होता. अरे, गाणार तू, वाजवणार आम्ही, आणि निकाल कुणी लावायचा? पण त्याच्या डोळ्यांकडे बघून मी बेसच्या तारा जुळवायला घेतल्या. दिगूने माईक ठेवला तर माझा बेस खुंटीलाच जाणार होता, हे मला कळत होतं. नुसता बेस ऐकायला कोण येतं?

पाऊस उताराला लागल्यावर आम्ही रेकॉर्डिंग केलं. शेडमध्येच, तिघांनी एकत्र वाजवून, जोडकाम न करता. दिगूचा हट्ट. एक-एक गाणं खालच्या सुरात बसवलं होतं, पण शेवटचं गाणं खाली येईना. चाल दिगूची, ठेका बापूचा, आणि तो ठेका सरळसरळ कापणीचा. "ऊन डोंगराआड गेलं, हाक कुणाची राहिली." पहिली ओळ जमिनीवरून चालते, दुसरी चढते. 'हाक'ला चढायला लागायची आणि दिगूचा आवाज तिथेच फाटायचा. पुन्हा करू, पुन्हा करू. पत्रा तापला होता, पंखा आवाज करतो म्हणून बंद, तिघांचेही शर्ट अंगाला चिकटलेले. माझ्या बोटांना फोड यायच्या बेतात. एकमेकांकडे बघणं आम्ही बंद केलं होतं.

बापूची बायको, शेवंतावहिनी, चहाची किटली घेऊन दारात आली तेव्हा आम्ही गाण्याच्या मध्यात होतो. ती थांबली. दिगू 'हाक'पर्यंत गेला आणि आवाज फाटला, बंदच झाला. बापूचा हात चालू, माझी बोटं चालू, आणि वर कुणीच नाही. तेवढ्यात दारातून वहिनीने ती ओळ उचलली. "हाक कुणाची राहिली," सरळ, मोकळ्या गळ्याने, किटली तशीच हातात. ओळ पुरी केली आणि मग तिच्या लक्षात आलं.

"अगं बया! म्या कशाला बोलले मधीच!" तिने जीभ चावली. "सवय हो. पातीवर आसंच करतो आमी."

पात म्हणजे कापणीला प्रत्येकाच्या वाट्याला येणारा पट्टा. बायका आपापली पात धरून शेजारी शेजारी कापत जातात आणि हाताबरोबर भलरी म्हणतात. पुढे म्हणणारीचा दम गेला तर शेजारचीने ओळ उचलायची, असा त्यांचा रिवाज. "ओळ खाली पडली की समद्यांचं हात थांबत्यात," वहिनी म्हणाली, "मंग उगं कुणीबी उचलतं. त्यात काय?"

दिगूने कपाळ पुसलं. गिटार खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग म्हणाला, "हेच ठेवायचं."

"बघ हं," मी म्हटलं, "ती तुझी ओळ आहे."

"होती," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. आम्ही गार झालेला चहा प्यायलो.

अल्बम आला तो ऐन कापणीत. त्यात आमची काही योजना नव्हती, तो तेव्हा तयार झाला इतकंच. आणि मग सुरू झालं ते वाट बघणं. ज्याने कधी स्वतःचं काम चार लोकांपुढे ठेवलंय त्यालाच ते कळेल. शेडमध्ये पत्र्यामुळे फोनला रेंज येत नाही, म्हणून आम्ही दर थोड्या वेळाने बांधावर जाऊन उभे राहायचो. बापू भाताचे भारे वाहत असायचा. जाता जाता विचारायचा, "आलं का काय?" आणि उत्तर न ऐकता पुढे जायचा. त्याचं कापलेलं भात खाचरात वाळत पडलेलं आणि आभाळ रोज दुपारी भरून येत होतं. त्याचा जीव तिकडे टांगलेला, आमचा इकडे.

एकेक परीक्षण यायला लागलं. कानाला हेडफोन लावलेल्या एका पोराने खोलीत जांभळे दिवे लावून आमचं गाणं लावलं, मध्येच थांबवलं आणि म्हणाला, "अंकल लोकांनी ट्राय केलंय, रिस्पेक्ट." त्या रिस्पेक्टचं काय लोणचं घालायचं? एका इंग्रजी वेबसाइटने भरभरून कौतुक केलं. म्हणे या ध्वनीला मातीचा गंध आहे. अहो, त्या शेडला युरियाचा आणि डिझेलचा वास येतो! जुन्या चाहत्यांनी लिहिलं, तुम्ही अजिबात बदलला नाहीत. म्हणजे त्यांनी ऐकलंच नव्हतं. मी प्रत्येकावर चिडत होते. वाईट लिहिणाऱ्यांवर चिडले, ते समजण्यासारखं आहे. पण चांगलं लिहिणाऱ्यांवर मी जास्त चिडले, आणि अजून मला त्याचं कारण नीट सांगता येत नाही.

दिगू मात्र यातल्या कशानेच हलला नाही. तो एकाच माणसाची वाट बघत होता. 'पेटतो' लिहिणारे ते समीक्षक आता वयस्क झाले होते, कधीतरीच लिहायचे, पण लिहिणार होते. रविवारच्या पुरवणीत येणार असं कळलं होतं. पौड रस्त्याला एका हॉलमध्ये आमचा कार्यक्रम ठरला होता, आणि दिगूने हॉलवाल्यांना होकार कळवला नव्हता. "रविवार जाऊ दे," एवढंच म्हणायचा.

त्याच रविवारी बापूची रास मोजायची होती.

झोडणी संपली होती. खळ्यावर, म्हणजे शेणाने सारवलेल्या अंगणात, भाताची रास घातलेली. दिगू सकाळीच हिंजवडीहून आला होता, आम्ही दोघांनी पोती धरायची होती. चपला बाहेर. बापूने आंघोळ करून, अनवाणी, राशीला हात जोडले. रास मोजताना बोलत नाहीत. मोजणारा तेवढा आकडा म्हणतो, बाकी सगळ्यांची तोंडं बंद. मध्ये कुणी बोललं तर बरकत जाते, अशी समजूत. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण बापूच्या खळ्यावर मानते.

"लाभ," बापू म्हणाला आणि पायलीचं पहिलं माप पोत्यात ओतलं.

तेवढ्यात दिगूच्या खिशात फोन थरथरला. त्याने पोत्याचं तोंड एका हातात धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन काढला. मी समोर उभी. त्याचे डोळे ओळींवरून खाली सरकत होते आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. "दोन." काय लिहिलंय? मी भुवया उंचावल्या. त्याने बघितलंच नाही. "तीन." पायली भरायची, वरून हात फिरवायचा, ओतायची. धान्य पडण्याचा तो आवाज मला एरवी किती आवडतो! वाटलं, बापूच्या हातातली पायली हिसकावून घ्यावी आणि ओरडावं, अरे बोल ना! दिगू खालपर्यंत पोचला. मग पुन्हा वर गेला आणि पहिल्यापासून वाचायला लागला. तेव्हा मला कळलं. चांगलं असतं तर माणसाने मान वर केली असती.

डोंगराच्या डोक्यावर ढग बसले होते. वहिनी ताडपत्री घेऊन उभी होती, एकदा आभाळाकडे बघायची आणि एकदा दिगूकडे. बापू घाई करत नव्हता. त्याला करता येतच नव्हती. रास खाली खाली गेली, पोती भरत गेली, दिगूने फोन खिशात टाकला आणि दोन्ही हातांनी पोतं धरलं. ते बघून मला जास्त भीती वाटली.

शेवटची पायली ओतून बापूने पुन्हा हात जोडले, आणि मी फुटलेच. "काय लिहिलंय?"

दिगूने फोन माझ्या हातात दिला आणि पोतं शिवायला घेतलं. मी वाचलं. समीक्षकांनी बापूला आणि मला बरं म्हटलं होतं. पुढे लिहिलं होतं, "शेवटच्या गाण्यात गायकाला आपली ओळदेखील पुरी करता येत नाही. ती एका अनोळखी बाईकडून पुरी करून घ्यावी लागते. पेटणारा आवाज आता नुसता धुमसतो. थांबायची वेळ कोणती, हे त्या ओळीनेच सांगितले आहे." किती नेटकं! वाक्य असं बसलंय की वाचणाऱ्याने वा म्हणावं. मी नाही म्हटलं. मी जे म्हटलं ते खळ्यावर म्हणण्यासारखं नव्हतं, रास मोजून झाली होती हे नशीब.

"काय म्हणत्यात, भाऊ?" वहिनीने विचारलं.

"काही नाही वहिनी. आवाज संपला म्हणतात."

"आन माज्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल काही नाही," दिगू म्हणाला. पोत्याला शेवटची गाठ मारली, सुई काढून वहिनीच्या हातात दिली, चपला घातल्या आणि गेला. पावसाचे थेंब आले ते त्यानंतर. आम्ही धावत पोती शेडमध्ये टाकली, ड्रमच्या शेजारी.

कार्यक्रम झाला नाही.

हिवाळ्यात मी एकदा हिंजवडीला त्याच्या घरी गेले. त्या टॉवरच्या लिफ्टमध्ये पोचेपर्यंत ट्रॅफिकशी लढण्यातच माझा अर्धा जोर संपला होता. गिटार कपाटावर, पिशवीत, पिशवीची चेन लावलेली. चहा त्याने स्वतः केला. मी तावातावाने सुरू झाले. "त्यांना काय ठाऊक रे शेडमध्ये काय झालं? त्यांना काय ठाऊक वहिनी कोण?"

दिगूने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माले, पहिल्यांदा त्यांनी चांगलं लिहिलं तेव्हा आपण विचारलं होतं का, यांना काय ठाऊक?"

त्याचं म्हणणं खरं होतं. कौतुकाची सही ज्याची घेतली, त्याचीच सही आता नकारावर आली होती, आणि ती खोटी म्हणायची सोय आम्हीच ठेवली नव्हती. तरीही मी उठताना म्हटलं, "मग माझं काय? बापूचं काय?" तो म्हणाला, "तुमचं चांगलंच लिहिलंय." इतका राग आला मला! मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले, एवढ्या मजल्यांवरून, आणि खाली आल्यावर गुडघे धरून बसले.

वहिनीला ते परीक्षण कुणीतरी वाचून दाखवलंच. गावात असल्या गोष्टी पोचतात. एकदा भाजी निवडताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, म्या त्या दिशी किटली घिऊन आलेच नसते तर?"

"वहिनी, काहीतरीच काय!"

"न्हाई, म्हंजे भाऊंनी परत म्हटलं आसतं. आलं आसतं त्यास्नी. म्या घाई केली."

मी समजावलं, पण माझ्या समजावण्याला किंमत नव्हती. जो समजावू शकला असता तो फोन उचलत नव्हता. वहिनी घरात गुणगुणायची, ते हळूहळू बंद झालं. बापू एवढंच म्हणाला एकदा, "घर लई गप झालंय, ताई." एका माणसाच्या एका वाक्याने परक्या घरातलं गुणगुणणं बंद व्हावं, हे मला कितीही विचार केला तरी पचत नाही. समीक्षकांना मी दोष देत नाही. म्हणजे देते, पण रोज नाही.

आणि आता पुन्हा भात पिकलं. यंदा आभाळाने फारच छळ मांडला. दिवसा ऊन, संध्याकाळी गडगडाट. लोंब्या जड झालेल्या, एक सर आली असती तर सगळं आडवं. मोठं कापणी यंत्र बापूच्या लहान लहान खाचरांत उतरत नाही. म्हणून त्याने इर्जिक घालायचं ठरवलं. इर्जिक म्हणजे शेजारीपाजारी, सोयरेधायरे सगळ्यांनी मिळून एका दिवसात एकाचं काम उरकायचं, आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. बापूने मला सांगितलं, आणि माझ्यासमोरच दिगूला फोन लावला. मला वाटलं, उचलणार नाही. उचलला.

"दिगूभाऊ, गायाला न्हाई बोलवत. कापायला बोलवतुया. आभाळ आलंय. येताय का न्हाई तेवडं सांगा."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. बापूने फोन खिशात टाकला. "येत्यात," म्हणाला आणि विळ्यांना धार लावायला बसला.

आला. ऑफिसचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, भाताचं पातं कापतं म्हणून. केस आणखी पिकलेले. मला बघून "काय माले" म्हणाला, मी "काय दिगू" म्हटलं, झालं. वर्षाचं बोलणं तेवढ्यात आटोपलं. पाती धरल्या. कडेला पारूमावशी, बापूच्या भावकीतली म्हातारी, तोंडाने खमकी. मग चार-सहा बाया, मग वहिनी, मग मी, माझ्या पलीकडे दिगू. टोकाला बापू. वहिनीने दिगूकडे बघितलं नाही, दिगूने वहिनीकडे. मी मध्ये, बेससारखी.

कापायला लागलो. मूठ धरायची, विळा ओढायचा, मूठ मागे ठेवायची. पश्चिमेला काळं वाढत होतं. कुणी बोलत नव्हतं. मग पारूमावशी ओरडली, "आरं काय मयताला आलाय का समदी? शेवंते, तुजं ते उनाचं घे की!"

माझा विळा थांबला. बाया म्हणाल्या, "व्हय व्हय, उनाचं घे." वर्षभरापूर्वी, गप्प होण्याआधी, वहिनीने आमच्या तालमीत ऐकलेलं ते गाणं लावणीपासून कापणीपर्यंत कितीदा म्हटलं असेल! बायांनी ते उचललं होतं. ते कुणाच्या अल्बममधलं आहे, त्यावर पेपरात काय छापून आलं, यातलं त्यांना काडीचं माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी ते हाताला बरं पडणारं गाणं होतं, बस.

"नगं," वहिनी म्हणाली.

"नगं काय? पाऊस आलाय डोक्यावर. घे!"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? पलीकडे दिगू खाली बघून कापत होता, कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. वहिनीने पदर खोचला आणि अगदी खालच्या आवाजात सुरू केलं.

"ऊन डोंगराआड गेलं..."

बायांनी ओळ झेलली, परतवली. विळे एका चालीत आले. तोच ठेका, बापूचा. पुन्हा वहिनी, "ऊन डोंगराआड गेलं," आणि आता दुसरी ओळ चढायची होती. तिथे ती थांबली. दम गेला नव्हता तिचा. मी शेजारी होते, मला दिसत होतं. तिला त्या ओळीला हात लावायची हिंमत होत नव्हती. बाया वाट बघत राहिल्या. शेजारची मी, ओळ मी उचलायची, आणि मी नुसती मूठ धरून राहिले. ओळ पडली. एकेक विळा थांबायला लागला. पारूमावशीचा थांबला, तिच्या शेजारचीचा थांबला.

"हाक..."

माझ्या उजव्या बाजूने. जाडाभरडा, फाटका आवाज. 'हाक'ला चढायला लागला आणि त्याच जागी, अगदी त्याच जागी फाटला.

मी मान वर केली नाही. वर केली असती तर तो थांबला असता. मूठ धरली, विळा ओढला. आणि डावीकडून वहिनीने, फाटल्या जागेपासून, उरलेली ओळ उचलून नेली. "कुणाची राहिली." मागून सगळ्या बायांनी.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणाला काही झाल्याचं कळलंच नव्हतं. पारूमावशी म्हणाली, "हां, आता आलं हाताला," आणि तिचा विळा सुरू झाला. गाणं फिरून पहिल्या ओळीला आलं तेव्हा वहिनी गप्प राहिली आणि दिगूने सुरुवात केली. टोकावरून बापू ओरडला, "दिगूभाऊ, पात सोडू नगा, पाऊस येतुया!"

"नाही सोडत," दिगू म्हणाला, आणि पुढची मूठ धरली.